घोड्याला दर महिन्याला जंताचं औषध? आधी लीद तपासा

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ): वरातीच्या दोन घोड्या आणि चार महिन्यांचं शिंगरू आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून दर महिन्याला गुरांचं आयव्हरमेक्टिन टोचतो. तरी एक घोडी भिंतीला शेपूट घासते, शिंगराचं पोट सुटलंय. काही योजना आहे का?

उत्तर: टोचणं आजपासून बंद. गुरांचं इंजेक्शन घोड्याला नाही. टोचल्या जागी सूज येते, कधी आत कुजतं आणि जनावर जातं. घोड्याला तोंडातून द्यायची पेस्ट मिळते. तीही दर महिन्याला नाही! दुकानदाराला बाटली खपवायची आहे. औषध पचवणारे जंत मात्र तुमच्या गोठ्यात तयार होतात.

लग्नसराईत घोडी चमकावी म्हणून मे महिन्यात सगळे डोस देतात. ही सर्वांत चुकीची वेळ. ४५ अंशांच्या उन्हात चराईतल्या जंतांच्या अळ्या तशाही मरतात. तेव्हा डोस दिला की पोटात उरतात ते औषधाला न जुमानणारे जंत, आणि पहिल्या पावसात तेच धुऱ्याभर पसरतात.

मृगाच्या तोंडावर एकदा आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकदा ताजी लीद तपासून घ्या. लिंबाएवढी लीद पिशवीत, हवा काढून, उन्हात न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात द्या. लिदीच्या ग्रॅममागे जंतांची २०० च्या वर अंडी असतील त्याच मोठ्या घोडीला डोस. चौदा दिवसांनी परत तपासा, म्हणजे औषध चाललं की नाही ते कळतं. तुम्ही नुकतंच टोचलंय, त्यामुळे आठ आठवडे थांबा, नाहीतर अहवाल फसवा येईल. डिसेंबरात मात्र आयव्हरमेक्टिन आणि प्राझिक्वान्टेल (फीतकृमीवरचं औषध) असलेली पेस्ट एकदा द्याच. पुढच्या पायांच्या केसांना चिकटलेली पिवळी अंडी दिसतात ना, त्या माशीच्या अळ्या तेव्हा जठरात असतात.

डोस वजनावर. अंदाजाने नाही. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले अंगाची लांबी, भागिले ११,८८० (सगळं सेंटिमीटरमध्ये). घेर १५०, लांबी १३० म्हणजे २४६ किलो. पेस्टच्या बऱ्याच नळ्या ६०० किलो वजनाच्या घोड्यासाठी असतात. अख्खी दाबू नका आणि अंदाजाने दोघींत वाटूनही देऊ नका.

शेपूट घासणारीच्या गुदाभोवती पिवळट खपली पाहा. ती सूतकृमीची अंडी, लिदीत सापडत नाहीत. ओल्या फडक्याने रोज पुसा, फडकं जाळा. शिंगराला स्वतः काही पाजू नका: गोलकृमी एकदम मेले तर आतड्यात गोळा अडकतो. डॉक्टरांना दाखवा.

औषधापेक्षा फावडं मोठं. आठवड्यात दोनदा चराईतली लीद उचला, उकिरड्यात तापू द्या, ताजी वावरात फेकू नका. घोड्यांमागून गाई चारल्या तर उत्तमच, कारण बहुतेक जंत एकमेकांना लागत नाहीत.

योजना: राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून घोडे आलेत, ५० टक्के अनुदान, पण उद्योग उभारायला. तुमच्या दोन घोड्यांना नाही.

घोडी पोटाकडे वळून पाहत लोळायला लागली तर नळी शोधत बसू नका, १९६२ (जनावरांच्या दवाखान्याचा मदत क्रमांक) लावा.