एक्स-रे आरपार जातात तर मग चित्र कशाचं येतं?

तुमचा प्रश्न असा की किरणं धातूच्या ठोकळ्यातून सरळ आरपार जात असतील तर आतलं काही दिसायलाच नको. शंका अगदी रास्त आहे. सगळी किरणं आरपार गेली तर फिल्म नुसती काळी होणार आणि सगळी अडली तर नुसती पांढरी. प्रत्यक्षात काही जातात काही आतच अडतात, आणि कुठे किती अडली या फरकाचंच चित्र उमटतं.

अडवणं दोन गोष्टींवर ठरतं, वस्तू किती जाड नि दाट आहे आणि तिच्यातले अणू किती जड आहेत. यातलं दुसरं फार भारी आहे, कारण कमी ऊर्जेच्या किरणांचं शोषण अणुक्रमांकाच्या (अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येच्या) जवळपास घनाच्या हिशोबाने वाढतं. मांसातल्या ऑक्सिजनचा अणुक्रमांक 8 आणि हाडातल्या कॅल्शियमचा 20, म्हणजे फक्त अडीच पट, पण शोषणात साधारण पंधरा पट! म्हणून हाड मांसापेक्षा इतकं उठून दिसतं.

मी कास्टिंगची, म्हणजे धातू ओतून केलेल्या वस्तूंची, रेडिओग्राफी (एक्स-रे तपासणी) करतो. आत ब्लोहोल (वायूमुळे राहिलेली पोकळी) असेल तर तिथे धातू कमी, किरणं जास्त पोचतात, फिल्मवर काळा ठिपका येतो. क्रॅक मात्र फसवते हो, ती किरणांच्या दिशेत उभी असली तरच रेघ दिसते, आडवी असली तर किरणांच्या वाटेतला धातू जवळपास तेवढाच राहतो आणि फिल्मवर काही म्हणजे काही येत नाही, म्हणून एकाच बाजूने शॉट घेऊन पीस पास करू नये हे मी कळकळीने सांगतो. एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेजही वस्तू बघून ठेवावं लागतं, माणसाला साधारण 50 ते 120 केव्ही (हजार व्होल्ट) पुरतं, जाड स्टीलला 400 च्या पुढेही जावं लागतं.

शिवाय साध्या एक्स-रेत खोली कळत नाही, सगळं एकावर एक पडतं. सीटी स्कॅनमध्ये शेकडो कोनांतून शॉट घेऊन कॉम्प्युटर आतल्या प्रत्येक बिंदूचं शोषण काढतो. सीटी बनवणाऱ्या इंजिनिअर हाउन्सफिल्डच्या मशीनवर 1971 मध्ये पहिल्या पेशंटचा मेंदू असाच बघितला गेला.

पण शोषणात फरकच नसेल तर सीटीही अडते. इसवी सन 79 मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात जळलेल्या हर्क्युलेनियम या रोमन शहरातल्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांमध्ये पपायरसचा (एका झाडापासून केलेल्या कागदाचा) झालेला कोळसा आणि शाईही बहुतेक काजळीचीच, त्यामुळे स्कॅनमध्ये थर दिसायचे, अक्षरं नाही. शेवटी शाईने पृष्ठभागावर पडलेला बारीकसा पोत ओळखायला कॉम्प्युटरला शिकवलं, तेव्हा कुठे 2023 मध्ये न उलगडलेल्या गुंडाळीतला पहिला अख्खा शब्द वाचता आला.