कंपनीच्या आलेखातले एफपीएस: किती खरे, कसे तपासायचे?

प्रश्न असा, की कंपनीच्या आलेखात नव्या ग्राफिक्स कार्डाचे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं दिसतात तो आकडा) जुन्याच्या दुप्पट दिसतात आणि स्वतंत्र चाचणीत ते कार्ड थोडंसंच पुढे निघतं, तर खोटं कोण? बहुतेक वेळा आकडा खोटा नसतो. तो कुठल्या अटींवर काढला, तिथे गोम असते.

जानेवारी २०२५ मध्ये कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने जाहीर केलं, की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे मागच्या पिढीतल्या महागड्या ४०९० इतकी कामगिरी देतं. त्यात मल्टी फ्रेम जनरेशन धरलेलं होतं. ४एक्स मोडमध्ये गेम एक फ्रेम रेंडर करतो (खरोखर तयार करतो) आणि तीन फ्रेम एआय भरतं. काउंटरवर १२० दिसले तरी रेंडर झालेले ३०च. ४०९० मध्ये प्रत्येक खऱ्या फ्रेममागे एकच कृत्रिम फ्रेम येते, म्हणजे तिथे १२० मागे ६० खरे. माउस हलवल्यावर दृश्य किती पटकन फिरतं, हे खऱ्या फ्रेमवर ठरतं. म्हणून आलेखाखालची बारीक अक्षरं आधी वाचा. 'एफजी' (फ्रेम जनरेशन) किंवा '४एक्स' दिसलं, की तो स्तंभ तुलनेतून बाद करा.

ही खोड जुनी आहे. २००१ मध्ये एटीआय या दुसऱ्या कंपनीच्या रेडिऑन ८५०० कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) क्वेक ३ या गेमची फाइल नावावरून ओळखून टेक्स्चरचा (पृष्ठभागांवरच्या चित्रांचा) दर्जा उतरवत होता. फाइलचं नाव बदलून 'क्वॅक' केलं, की वेग घसरायचा आणि चित्र सुधारायचं. २००३ मध्ये थ्रीडीमार्क०३ या बेंचमार्कमधला (कार्डाचा वेग मोजणाऱ्या तयार चाचणीतला) कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो हे हेरून, त्या वाटेवरून न दिसणारा भाग एनव्हिडियाचा ड्रायव्हर रेखाटतच नव्हता. चाचणी बनवणाऱ्या फ्युचरमार्कने ही पळवाट बंद करणारा पॅच दिल्यावर एनव्हिडियाच्या एफएक्स ५९०० अल्ट्राचा स्कोअर सुमारे २४ टक्के खाली आला. तयार बेंचमार्कपेक्षा प्रत्यक्ष खेळताना मोजलेले आकडे जास्त भरवशाचे, ते यामुळेच.

आता रिव्ह्यू आधी कोणाला करू दिला, हेही बघावं लागतं. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० चा ड्रायव्हर विक्रीआधी सर्वांना मिळाला नाही. मोजक्या माध्यमांना ठरावीक अटींवर 'प्रिव्ह्यू' करता आला. अशा वेळी सरळ आठवडाभर थांबा. पहिल्या दिवशीच घेण्याइतकं कुठलंच कार्ड निकडीचं नसतं.

सरासरीपेक्षा १% लो, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, बघा. सरासरी ९० आणि १% लो २५ असेल, तर खेळ अडखळणार. ८ जीबीच्या कार्डात हे हमखास दिसतं: टेक्स्चर व्हीरॅममध्ये (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत) मावले नाहीत, की डेटा पीसीआयई वरून (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गावरून) सिस्टिम रॅममधून ओढावा लागतो. एनव्हिडियाच्या ५०६० टीआय ला या मार्गाच्या आठच लेन आहेत, नेहमीच्या सोळा नाहीत. रिव्ह्यूवाल्यांचा मदरबोर्ड बहुतेकदा पीसीआयई ५.० चा असतो. तुमचा जुन्या बी४५० चिपसेटचा असेल तर ३.० च मिळणार आणि ८ जीबी मॉडेलला फटका जास्त बसणार. कंपनीच्या आलेखात हे सहसा नसतं.

कार्ड घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत मोजून घ्या. कॅपफ्रेमएक्स हे फ्रेम मोजणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. गेम १५ मिनिटं चालवून कार्ड तापू द्या. थंड कार्डाचे क्लॉक (चिपचा वेग) जास्त असतात आणि आकडा फुगतो. फ्रेम जनरेशन बंद, डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणाऱ्या सोयी) बंद, व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) बंद. गर्दीची एकच जागा निवडून तिथे ६० सेकंदांच्या तीन फेऱ्या करा. फेऱ्यांमध्ये ३ टक्क्यांहून जास्त फरक आला, तर मागे अपडेट किंवा अँटिव्हायरस चालू आहे का ते बघा आणि पुन्हा मोजा. जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर ९५ टक्क्यांखाली राहत असेल, तर तुम्ही बहुधा कार्ड नव्हे, प्रोसेसर मोजताय.