आरोमानियन आणि गेलिक भाषांतला ‘माक’ हा शब्द मुळात एकच आहे का?

शब्दकोशात एम-ए-सी या एकाच स्पेलिंगखाली आरोमानियन, आयरिश आणि स्कॉटिश गेलिक अशा तिन्ही भाषा दिसतात, म्हणून तुम्हाला ही शंका आली. आयरिश आणि स्कॉटिश गेलिकचा शब्द एकच आहे, पण आरोमानियनचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे ‘वर बघ’मधला वर ‘उपरि’पासून आला आणि लग्नातला वर वेगळाच, तसंच हे.

आरोमानियन ही लॅटिनच्या घरातली, रोमानियनची बहीण. ग्रीस, अल्बेनिया, उत्तर मॅसेडोनिया अशा भागांत ती बोलली जाते. तिच्यातला माक म्हणजे खसखशीचं रोप. हा शब्द तिने शेजारच्या स्लाव्ह भाषांकडून घेतला. बल्गेरियनमध्ये आजही ‘माक’च म्हणतात. मुलासाठी तिचा शब्द ‘हिल्य’, लॅटिन ‘फिलिउस’वरून आलेला.

गेलिकमध्ये मात्र माक म्हणजेच मुलगा. मॅकडोनल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा, तो हाच मॅक. याचा माग दगडांवर सापडतो आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. आयर्लंडमध्ये पाचव्या-सहाव्या शतकांतले ओघम लिपीतले उभे दगड आहेत. दगडाच्या कडेवर रेघा आणि खाचा, बहुधा खालून वर वाचायच्या. एक तिरकी रेघ म्हणजे म, एक खाच म्हणजे अ, एका बाजूला पाच रेघा म्हणजे क्व, मग पाच खाचा म्हणजे इ. झालं ‘मक्वि’: मुलाचा. पूर्ण मजकूर बहुतेक इतकाच असतो, की हा दगड अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा. पुढे आयरिशमध्ये त्या ‘क्व’चा साधा ‘क’ झाला. वेल्श ही वेल्समधली, आयरिशच्या नात्यातली भाषा; तिच्या बाजूला त्याच ‘क्व’चा ‘प’ झाला, म्हणून तिकडे जुना शब्द ‘माप’, आजचा ‘माब’. नावांत त्याचं नुसतं ‘अप’ उरलं आणि ‘अप ऱ्हीस’चं आडनाव झालं प्राइस.

गेलिकमध्ये मुलीच्या आडनावात मॅक नसतो, ‘निक’ असतो. तो ‘मॅकची मुलगी’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा संक्षेप आहे.

आणि आयरिशमध्ये लांडग्याला म्हणतात ‘माक टीरे’, शब्दशः भूमीचा मुलगा.