'स्वरचित लोकगीते' म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा. गारगोटीकडची एक तरुण गायिका आहे. गाणी तिची, चाली तिच्या, आणि गिटार-तुणतुण्याच्या साथीवर गातेही तीच. तिची सात गाण्यांची पहिली रेकॉर्ड येते आहे आणि त्यानिमित्त कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात कार्यक्रम ठेवलाय. कार्यक्रमपत्रिकेचं काम तिच्या मैत्रिणीकडे. तिने मजकुरात 'स्वरचित लोकगीते' असं लिहिलं, तर छापखान्यातल्या एका जाणत्या काकांनी हटकलं, "स्वरचित असेल तर लोकगीत कसलं? लोकगीताला कर्ता नसतो." मैत्रिणीने आता तीन गोष्टी विचारल्या आहेत. काकांचं म्हणणं बरोबर का? 'इंडी फोक'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'सिंगर-साँगरायटर'ला 'गायिका-गीतकार' यापेक्षा बरा शब्द आहे का? जाता जाता तिने आणखी एक सांगितलंय. यातलं एक गाणं गायिकेच्या मामी रोपलावणीच्या वेळी शेतात म्हणतात, पण 'पाणी चढलं नदीला' ही ओळ त्यांनी 'पाणी चढलं वेदगंगंला' अशी करून टाकली आहे. गायिकेला ते खटकतं.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्याकडे नंतर येतो.

काकांनी 'स्वरचित लोकगीते' खोडायला सांगितलं ते योग्यच केलं. पण त्यांनी दिलेलं कारण मला पटत नाही, आणि ते फार ठिकाणी ऐकू येतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'लोकगीत' हा शब्द गाणाऱ्यांचा नाही, अभ्यासकांचा आहे. जात्यावर बसलेली बाई 'मी लोकगीत म्हणते' असं कधी म्हणाली नाही. ती ओवी म्हणायची. पंचमीला फेराची गाणी, कापणीला भलरी, भजनात पद, गौळण, भारूड. प्रत्येक गाण्याला त्याच्या कामाचं, वेळेचं किंवा घाटाचं नाव होतं. या सगळ्यांवर एकच पांघरूण घालणारा शब्द लागला तो गोळा करणाऱ्यांना. युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हेर्डर या जर्मन विचारवंताने 'फोल्क्सलीड' हा शब्द रूढ केला, इंग्रजीत विल्यम थॉम्सने १८४६ साली 'फोकलोअर' हा शब्द घडवला, आणि त्या विचाराच्या वळणाने आपल्याकडे 'लोकगीत', 'लोकसाहित्य' आले. शब्द चांगले आहेत. पण त्यांच्यासोबत एक समजूतही आली, की खरं लोकगीत निनावी असतं, ते कुणा एकाने केलेलं नसतं.

आपल्या मातीत ही अट कधीच नव्हती. एकनाथांची भारुडं घ्या. सोळाव्या शतकातली रचना, शेवटी 'एका जनार्दनी' अशी ठसठशीत नाममुद्रा, आणि तरीही ज्याला गावातलं पोरसुद्धा लोकांचं गाणं म्हणेल असं त्यांच्याइतकं दुसरं काय आहे? शाहीर तर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गोवल्याशिवाय राहतच नाहीत. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा असो की पेशवाईतल्या राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊंच्या लावण्या असोत, कर्त्याचं नाव गाण्यातच शिवलेलं असतं. गाणारा बदलतो, गाव बदलतं, शब्द इकडचे तिकडे होतात, पण ते नाव गाण्याबरोबर चालत राहतं.

आणि जिथे नाव नाही, तिथेही ते नव्हतंच असं समजू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यांनी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. त्या नोंदी पाहिल्या की 'अनामिक लोकप्रतिभा' या आपल्या लाडक्या शब्दांची अडचण वाटायला लागते. बाई अनामिक नव्हती, तिला नाव कुणी विचारलं नव्हतं. बायका 'ओवी जोडली' म्हणतात. जोडणारी कुणीतरी असल्याशिवाय जोडलं कसं जाईल?

मग 'स्वरचित लोकगीत' का नको? त्याचं उत्तर 'लोक' या शब्दातच आहे, आणि ते उलगडायला आपली कोल्हापुरी बोली फार उपयोगी पडते. पुस्तकी मराठीत लोक म्हणजे जनता. आपल्या बोलीत 'लोकाचं' म्हणजे दुसऱ्याचं, आपलं नसलेलं. 'लोकाच्या रानात राबतोय', 'लोकाचं पोर हाय, जपून', 'लोकाच्या दारात कशाला जायचं?' हा अर्थ 'लोकगीत'ला लावून बघा. जे गाणं लोकाचं झालं, कर्त्याच्या हातातून सुटून दुसऱ्याच्या मालकीचं झालं, ते लोकगीत. म्हणजे हे नाव गाण्याच्या जन्माचं नाही, त्याच्या पुढच्या प्रवासाचं आहे. ते दुसऱ्याने द्यायचं असतं. आपल्या पोरीला आपणच 'गावची लाडकी' म्हणून मिरवू नये, तसंच हे. गाव म्हणेल तेव्हा म्हणेल.

आता 'इंडी फोक'. इथे 'फोक'चा अर्थ आपल्या 'लोकगीत'पासून दूर सरकलेला आहे, म्हणून शब्दाला शब्द ठेवला की फसगत होते. हे सरकणं कसं झालं ते अमेरिकन गायक बॉब डिलनच्या सुरुवातीच्या दोन रेकॉर्डांत दिसतं. १९६२ च्या पहिल्या रेकॉर्डवर तेरा गाणी, त्यांतली त्याची स्वतःची दोनच, बाकीची बहुतेक परंपरेतली. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या रेकॉर्डवर जवळजवळ सगळी त्याने स्वतः लिहिलेली. तरी लोक त्याला 'फोक सिंगर'च म्हणत राहिले. तिथून 'फोक' हे गाण्याच्या उगमाचं नाव न राहता बाजाचं नाव झालं: साधी वाद्यं, उघडा आवाज, गोष्ट सांगणारे शब्द. त्यामुळे या अर्थाने मराठीत 'लोकबाजाची गाणी' किंवा 'लोकवळणाची गाणी' म्हणा. 'लोकधाटणीची'ही चालेल, पण 'बाज' हा शब्द गाणाऱ्यांच्या तोंडचा आहे, म्हणून मला जवळचा वाटतो. नुसतं 'फोक' लिहिणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या, की आपल्याकडे फोक म्हणजे झाडाची लवलवती ओली काठी. निरगुडीचा फोक म्हटलं की आमच्या वयाच्या माणसांना अजून शाळा आठवते.

'इंडी' म्हणजे मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, स्वतःच्या बळावर काढलेलं. याला काही जण 'स्वतंत्र संगीत' म्हणतात. पण मराठीत 'स्वतंत्र' हा शब्द रचनेपुढे लावला की त्याला एक जुना, पक्का अर्थ आहे: अनुवादित नव्हे, रूपांतरित नव्हे. 'स्वतंत्र नाटक' म्हटलं तर निर्माता कोण हे कुणी विचारत नाही, ते कशावरून घेतलेलं नाही एवढंच कळतं. शिवाय 'इंडी' म्हणजे 'इंडियन' असाही अनेकांचा समज असतो. पत्रिकेवर 'स्वखर्चाने काढलेली रेकॉर्ड' असं लिहिलं तर खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही कळेल आणि त्यात कमीपणा काही नाही. जुन्या पुस्तकांवर लेखक 'स्वतः प्रकाशित केले' असं अभिमानाने छापत.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. 'गायिका-गीतकार' या जोडशब्दात चूक नाही, पण त्यातली जोडरेघ मला खुपते. ती दोन वेगळी कामं एका व्यक्तीकडे आल्याचं सांगते. ही कामं वेगळी मानायची सवय आपल्याला सिनेमाच्या श्रेयनामावलीने लावली: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर आणखी कुणाचा. आणि कोल्हापूर तर सिनेमाचं गाव. पण त्याच कोल्हापुरात १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट तयार झाला, तेव्हा त्यातला हरिश्चंद्र गोविंदराव टेंब्यांचा, गाणं त्यांचं आणि संगीतही त्यांचंच. वाटण्या नंतर झाल्या.

या एकसंध कामाला नेमका शब्द हवा असेल तर तो सातशे-आठशे वर्षांपूर्वीच घडलेला आहे, तोही महाराष्ट्रात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात तो सांगतो की वाक् म्हणजे शब्द, त्याला 'मातु' म्हणायचं. गेय म्हणजे सुरावट, ती 'धातु'. आणि दोन्ही करतो तो 'वाग्गेयकार'. एका शब्दात दोन्ही कामं, मध्ये रेघ नाही. कर्नाटक संगीतात हा शब्द आजही जिवंत आहे. आपल्याकडे तो शास्त्रीय संगीताच्या बैठकीपलीकडे फारसा आला नाही, आणि गारगोटीच्या पोरीच्या नावापुढे तो लावला तर भरजरी शालू नेसवून चिखलणीला उभं केल्यासारखं होईल. शब्द मनात ठेवावा, पत्रिकेवर नको.

'शाहीर' चालेल का? मुळात अरबी 'शाइर', म्हणजे कवी. मराठीत येताना तो गाताही झाला, म्हणजे शब्दाची वाढ आपल्याला हवी तशीच झाली. लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक यांच्या कोल्हापुरात तो शब्द आदराचाही आहे. पण आज शाहीर म्हटलं की डफ, फेटा आणि वीररस डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि तुम्ही लिहिता त्याप्रमाणे ही गाणी तर आईशी, नदीशी, पावसाशी हळू आवाजात बोलणारी आहेत. होनाजींनी हळुवार रचना केल्या तेव्हा शाहीर शब्दात तेवढी जागा होती, आता ती उरलेली नाही. (होनाजी-बाळा ही दोन माणसं, हेही इथे सांगण्यासारखं: होनाजी शिलारखाने रचायचे, बाळा कारंजकर गायचे. म्हणजे तेव्हाही वाटणी होती, पण गाणं दोघांच्या जोडनावाने ओळखलं गेलं.)

म्हणून माझं मत असं, की नाम शोधत बसू नका, क्रियापदाकडे वळा. या बाबतीत मराठी क्रियापदांची श्रीमंती काय सांगावी! ओवी जोडतात, पद बांधतात, कवन रचतात, चाल लावतात. धनगर तर 'सुंबरान मांडलं' म्हणतात. स्मरणाचं सुंबरान झालं आणि ते मांडायचं असतं, देवापुढे, माणसांपुढे, रात्रभर. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत ढोल-कैताळाच्या आवाजात उभं राहिलं की 'मांडणं' म्हणजे काय ते अंगाला कळतं. यातलं एकही क्रियापद 'लिहिणं' नाही. पत्रिकेवर गायिकेच्या नावाखाली 'रचली, चाल लावली, गायली' एवढे चार शब्द घातले, तर पदवीची गरज उरणार नाही. गाण्यांना 'कवनं' म्हणा. तो शब्द जुना आहे, कर्ता मान्य करणारा आहे, आणि खेड्यात अजून कळतो.

'रेकॉर्ड' तसाच ठेवा. 'ध्वनिमुद्रिका' सरकारी कागदाला शोभते. 'तबकडी' गोड शब्द, पण फोनवर ऐकायच्या गाण्यांत तबक कुठलं? 'अल्बम'ही चालेल. पूर्वी रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटांचं गाणं मावायचं, मग अशा बऱ्याच रेकॉर्ड फोटोंच्या वहीसारख्या वहीत घालून विकत, त्यावरून तो शब्द आला.

आता मामींच्या ओळीबद्दल. 'नदी' ही कुठलीही असते. चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बाईला जी दिसते ती वेदगंगा. मामींनी गाण्याला आपल्या शिवारात आणलं, आणि वर जे 'लोकाचं होणं' म्हटलं त्याची सुरुवात या सातांपैकी एका गाण्याची तरी झालेली आहे. गायिकेला सांगा, दुरुस्त करायला जाऊ नकोस. तिने रेकॉर्डवर 'नदीला'च म्हणावं, ते तिचं आहे. पण घरी वहीत त्या ओळीखाली 'वेदगंगंला' असं लिहून ठेवावं, पुढे मामींचं पूर्ण नाव, गाव आणि त्या हंगामाचं साल घालून.