लार्चची जंगले ऐन उन्हाळ्यात तपकिरी का पडत असत?

स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्याच्या जुन्या छायाचित्रात जुलै महिन्यातच तपकिरी पडलेला, लार्च नावाच्या सूचिपर्णी झाडांचा डोंगरउतार पाहून, ती झाडे मेली होती का आणि असे खरोखरच दर आठ-नऊ वर्षांनी घडत होते का, असे आपण विचारले आहे. झाडे सहसा मरत नाहीत. आठ-नऊ वर्षांचे चक्र मात्र खरे आहे.

हे काम झायराफेरा ग्रिसियाना या लहानशा करड्या पतंगाच्या सुरवंटांचे. त्याची अंडी लार्चच्या फांद्यांवरील दगडफुलाखाली हिवाळा काढतात आणि वसंतात कोवळी पालवी येण्याच्या सुमारास उबतात. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्याच्या अखेरीस सागाची पाने जाळीदार झालेली दिसतात, तीही पतंगांच्या सुरवंटांमुळेच, आणि सागही त्यातून सावरतो. लार्च तर सूचिपर्णी असूनही दर शरद ऋतूत पाने गाळणारे झाड आहे, त्यामुळे सुरवंटांनी ओरबाडल्यावर काही आठवड्यांतच त्याला पुन्हा पालवी फुटते.

चक्राचे मूळ, माझ्या मते, या झाडातच शोधायला हवे. सगळी पाने खाल्ली गेल्यानंतरची काही वर्षे येणारी पाने आखूड, अधिक तंतुमय आणि नायट्रोजनने कमी असतात. त्यांवर सुरवंट नीट पोसले जात नाहीत, शिवाय त्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्याही वाढलेल्या असतात, आणि पतंगांची संख्या कोसळते. झाड सावरले की ती पुन्हा चढू लागते, आणि या चढउतारात ती हजारो पटींनी बदलते.

ज्या वर्षी पाने गेली, त्या वर्षीच्या खोडाच्या वलयात उन्हाळ्याच्या उत्तरार्धातले लाकूड विरळ राहते. जुन्या घरांच्या तुळयांसह अशी वलये तपासून 2007 साली संशोधकांनी सुमारे 1200 वर्षांची नोंद उभी केली, आणि तीत हे चक्र जवळजवळ अखंड दिसले.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीनंतर मात्र ते थांबले. उबदार हिवाळ्यात अंडी अधिक मरतात, किंवा अंडी उबण्याची आणि पालवी फुटण्याची वेळ जुळत नाही, अशी कारणे त्यासाठी सुचवली गेली. पुढे 2017 आणि 2018 मध्ये पतंगांची संख्या अनपेक्षितपणे पुन्हा वाढली. त्यामुळे तापमानवाढीने हे चक्र कायमचे संपवले, असे ठामपणे लिहिलेले कुठे वाचलेत तर ते लेखन 2017 पूर्वीचे आहे का, हे आधी पाहावे.