दोरांवरचे काडीजीव : कॅप्रेलाच्या दोन जाती कशा ओळखाव्यात?

प्रश्न : मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन माशांच्या शेतावर काम करतो. उन्हाळ्यात पिंजऱ्यांच्या दोरांवर काडीसारखे हजारो जीव दिसतात. माझ्याकडच्या एका पुस्तकानुसार ते स्थानिक कॅप्रेला लिनेअरिस, तर सहकाऱ्यांच्या मते बाहेरून आलेले कॅप्रेला म्युटिका आहेत. साध्या भिंगाने हा फरक कळेल का?

उत्तर : कळेल, मात्र त्यासाठी पूर्ण वाढलेला नर हाती लागायला हवा. कॅप्रेला हे अँफिपॉड गटातले कवचधारी प्राणी असले, तरी त्यांचे पोट जवळजवळ नाहीसे झालेले असते आणि लांबलचक देह बहुतांशी वक्षाच्या खंडांचाच बनलेला असतो. या खंडांची मोजणी नवख्याला हमखास चकवते, कारण पहिला खंड डोक्याशी जुळलेला असतो. म्हणून आधी कल्ले शोधावेत. ते तिसऱ्या आणि चौथ्या खंडांवर असतात आणि तिथे पाय नसतात. त्यांच्या पुढचा, मोठ्या नांगीचा खंड तो दुसरा.

म्युटिकाच्या मोठ्या नराच्या पहिल्या दोन खंडांवर आणि मोठ्या नांगीवर दाट केस असतात, तर तिसऱ्या खंडापासून मागे पाठीवर काट्यांची गर्दी असते. लिनेअरिसच्या पुढच्या दोन खंडांवर असे केस नसतात आणि पाठही बरीच गुळगुळीत असते. भिंगाखाली केस दिसले, तरी ते मऊ ब्रशाने एकदा झाडून पाहावेत, कारण अंगावर वाढलेले सूक्ष्म शैवालही केसांसारखे दिसते.

माद्यांबाबत मात्र सावध राहावे. म्युटिकाच्या मादीच्या पुढच्या खंडांवर ते दाट केस नसतात, त्यामुळे केस नाहीत म्हणून तिला लिनेअरिस ठरवणे चूक होईल. तिच्या पिल्लांच्या पिशवीवरचे लालसर ठिपके ही उपयोगी खूण आहे. पण अल्कोहोलमध्ये रंग उडतात, म्हणून छायाचित्र जिवंतपणीच घ्यावे. लहान पिल्ले एकटीच सापडली, तर मी स्वतः त्यांना जातीचे नाव देणार नाही.

आपला गोंधळ नवा नाही. म्युटिकाचे पहिले वर्णन 1935 मध्ये ईशान्य आशियाच्या किनाऱ्यावरील नमुन्यांवरून झाले होते. पुढे उत्तर कॅलिफोर्नियातले हेच जीव 1977 मध्ये कॅप्रेला अकँथोगास्टर या दुसऱ्या आशियाई जातीची उपजाती म्हणून नोंदवले गेले आणि 1995 मध्ये नेदरलँड्समधील नमुन्यांना तर कॅप्रेला माचो असे अगदी नवे नाव मिळाले! ‘माचो’ म्हणजे स्पॅनिश भाषेत नर, आणि त्या केसाळ नराकडे पाहिले की हे नाव बाद झाल्याची थोडी हळहळ वाटते. अकँथोगास्टरच्या पाठीवरही काटे असतात. तिला म्युटिकापासून वेगळे करताना नराचे केसच कामी येतात. म्हणूनच केवळ काटे पाहून निर्णय देऊ नये.

एकाच दोरावर दोन्ही जाती मिसळलेल्या असू शकतात. त्यामुळे एक नमुना पाहून सगळ्या थव्याला नाव न देता, निरनिराळ्या खोलीवरचे काही मोठे नर आणि काही माद्या घ्याव्यात. ते फॉर्मॅलिनमध्ये न ठेवता तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवले, तर शंका उरल्यास पुढे डीएनए तपासणीही करता येते. बाटलीत तारीख, जागा आणि खोली पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.