अमेरिकी सैन्यभरतीतून एकदा माघार घेतली, आता पुन्हा अर्ज करता येईल का?

येतो. पण आधी तुम्ही नेमके कधी मागे फिरलात ते बघा.

पहिली शपथ घेऊन डीईपीत, म्हणजे डिलेड एन्ट्री प्रोग्रॅममध्ये (करार झालेला, पण ट्रेनिंगला निघायची वाट पाहण्याचा काळ) होतात आणि ट्रेनिंगला निघण्याआधीच नाव काढलं असेल, तर तुम्ही सक्रिय सेवेत आलाच नव्हतात. त्यामुळे डीडी २१४ (सेवा सोडल्याचा दाखला) नाही, आरई कोडही (पुन्हा भरती होता येईल का ते सांगणारा क्रमांक) नाही. हे प्रकरण सहसा सुटतं. दुसरी शपथ घेऊन बेसिक ट्रेनिंगमधून परतला असाल तर मात्र डीडी २१४ वरचा आरई कोड पाहा: ३ असेल तर वेव्हर, म्हणजे नियमातून खास सूट, मागता येतो, ४ असेल तर दार जवळपास बंदच.

माघार लपवू नका. मेप्सच्या, म्हणजे भरतीआधी तपासणी होते त्या केंद्राच्या, नोंदीत ती असते. आर्मी सोडून नेव्हीकडे गेलात तरी तिथल्या रिक्रूटरला ती दिसते. खोटं बोलून भरती होणं हा लष्करी कायद्याच्या कलम १०४ए खाली गुन्हा आहे, आणि साध्या माघारीपायी तो ओढवून घेण्यात काही शहाणपण नाही.

रिक्रूटरला पहिल्याच भेटीत सांगा. डिस्चार्जचं पत्र असेल तर सोबत न्या. का सोडलं आणि आता काय बदललं, हे चार ओळींत लिहून ठेवा; ‘मन बदललं’ एवढ्यावर भागत नाही. आजारपण किंवा घरची अडचण होती तर कागद जोडा.

एएसव्हॅब या भरतीच्या पात्रता परीक्षेचे गुण २ वर्षं चालतात, त्यानंतर परीक्षा पुन्हा. आधी ठरलेलं काम आणि बोनस मात्र विसरा, तो करार संपला.